बोटांच्या बेचकीत तांदूळ

माणूस म्हातारा झाला की त्याच्या पायाची नखं कोण कापते? कधी विचार केला? नसंल केला. मले तोच विचार करायचा पगार भेटते. वेळेवर नाही भेटत, पण भेटते.

काम काय ते सांगतो. वृद्धाश्रमात राहणाऱ्या लोकायची आंघोळ, दाढी, नखं, केस, संडास-बाथरूम, अंगावरचे कपडे, हे नीट होते का नाही, ह्याच्याबद्दल कोणाची तक्रार असली की आमच्या हापिसात फोन येते. हापिस अमरावतीत, राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली पोट्टे त्रिकोणमिती घोकून राहिले असतात आणि वर आमी फोनवर विचारून राहिलो असतो की आजोबाची चादर शेवटची कधी बदलली. तक्रार आली की मी बॅग उचलतो आणि निघतो. जवळ असंल तर गाडीवर, अकोल्याकडे असंल तर एसटीनं. जायचं, पाहायचं, विचारायचं, रिपोर्ट लिहायचा. हुद्दा मोठा आहे माझा, 'क्षेत्रीय तपासणी सहायक'. आमची आई शेजारच्या काकूले सांगते, "पोरगा म्हाताऱ्यायची नखं पाहाते." आईचंच बरोबर आहे.

समोरून पाहिलं तर सगळेच म्हातारे स्वच्छ दिसतात. पाहुणे येणार म्हटलं की तोंड पुसून पावडर लावून देते कोणीपण. म्हणून मी समोरून पाहातच नाही. कानाच्या मागे पाहातो, मानेच्या घडीत पाहातो, टाचेत पाहातो. आणि नमस्कार करत नाही, हात मिळवतो. हात हातात आला की नखं, कातडं, थरथर, सगळं कळून जाते. हे सोपं आहे. कठीण आहे ते बोलतं करणं. ज्या माणसाच्या हातून उद्या सकाळी आंघोळ करून घ्यायची, त्याची चुगली आज दुपारी कोण करन? "सगळं छान आहे बाबू, देवाची कृपा." हे वाक्य मी इतक्या आवाजात ऐकलं आहे की त्याची कॅसेट निघन.

आवाजावरून आठवलं. मी मूळचा नकलाकार. आमचं गाव मोझरीच्या पुढे, शाळा पत्र्याची, पण गॅदरिंग जोरदार. हेडमास्तर, पीटीचे सर, सरपंच, "हॅलो हॅलो माइक चेक" करणारा मंडपवाला, सगळ्यायच्या नकला मी करत होतो. माझा नंबर शेवटी ठेवायचे, कारण माझ्यानंतर एकही मास्तर स्टेजवर यायले तयार नसायचा. ही विद्या नोकरीत कामी येईल असं कोणालेच वाटलं नव्हतं. आमच्या बाबाले त अजूनही वाटत नाही.

पण आली कामी. अमरावतीतल्याच एका आश्रमात चार आज्या एका खोलीत. तक्रार होती की तिथली वॉर्डनबाई आंघोळीच्या वेळेस लय हिडीसफिडीस करते. चारही आज्या तोंडावर पदर घेऊन बसल्या. छान आहे, छान आहे. मी कंटाळून सहज वॉर्डनबाईची नक्कल केली. तिले भेटलो होतो दहा मिनिटं, माझ्यासमोर ती साखरेच्या पाकातच बोलली, म्हणून मीपण पाकातच केली. "आजीऽऽ, उठता का होऽऽ, पाणी काढलं आहेऽऽ."

कोपऱ्यातली आजी भडकली न! "हट् मेल्या! अशी कुठी बोलते थे? आवाज चढव. 'ए बुढे, उठते का टाकू इथंच पाणी?' असं म्हण."

दुसरी म्हणे, "आन् बादली आपटते. बादली राहिली तुही."

झालं. पाच मिनिटात चौघींनी मिळून माझी नक्कल पक्की करून घेतली, आणि तक्रारही.

तेव्हा मले कळलं. चांगल्या नकलेले लोकं हसतात आणि विसरतात. खराब नक्कल दुरुस्त करतात. म्हाताऱ्या माणसाले गार पाणी सहन होते, शिळी पोळी सहन होते, चुकीची नक्कल सहन होत नाही. तवापासून मी मुद्दाम वाईट नकला करतो. माझ्यासारख्या कलाकारासाठी हा केवढा त्याग आहे, ते वाचकायनं समजून घ्यावं.

तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं भेटतात. एका भाजीवाल्या आजोबाची तक्रार होती की इथं सकाळी सकाळी आंघोळ घालतात. जन्मभर त्यायनं बाजार उठल्यावर, दुपारी आंघोळ केलेली. "सकाळी मढ्याले धुतात," म्हणे. मी रिपोर्टात लिहिलं, ह्यायले दुपारी पाणी द्या. मॅनेजर म्हणे, "एकासाठी नियम बदलायचा का?" मी म्हटलं, "हाव, एकासाठीच. आंघोळ एकाचीच असते साहेब, ग्रुपची नसते." असं बोलल्यामुळं माझ्याबद्दल जेवढ्या तक्रारी हापिसात आहेत, तेवढ्या एखाद्या आश्रमाबद्दलपण नसतील. असू द्या.

पण सांगायचं आहे ते पाठक गुरुजींचं.

फोन पुण्याहून होता. गुरुजींचा मुलगा, तिकडं मोठ्या कंपनीत. त्यांची भाषा ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. "हे पाहा, माझे वडील अकोल्याजवळ एका आश्रमात असतात. काल व्हिडिओ कॉलवर मी त्यांचा पाय बघितला. बघवत नाही हो. तिथं त्यांचे पाय धुतलेच जात नाहीत. जी कोणी बाई जबाबदार असेल, तिच्यावर कारवाई झाली पाहिजे."

मी अकोल्याची एसटी धरली. अधिक महिना होता, आणि अकोल्याचा उन्हाळा. ज्या उन्हात कुत्रंपण चप्पल मागते, तो.

आश्रम हायवेले लागून, गेटवर कमान, आत तुळशीवृंदावन, सगळं झाडूनपुसून. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब दारातच उभे. भाऊसाहेबांचं वैशिष्ट्य असं की ते माइक नसला तरी माइकवरच बोलतात. "या! आपलं स्वागत आहे! तक्रार आली, आम्ही तात्काळ दखल घेतली! त्या सेविकेला अधिक महिना संपला की आम्ही कमी करत आहोत!"

म्हटलं, "भाऊसाहेब, मी अजून चहापण नाही घेतला, तुमी निकालच लावला."

सेविका म्हणजे रेखाताई. चाळिशीची बाई, माळ्याच्या घरची, पाच-सहा किलोमीटरवर तिच्या सासऱ्याचा झेंडूचा मळा. पुरुषांच्या खोल्यायचं सगळं तीच करायची. भाऊसाहेब बाजूले उभे, म्हणून ती भिंतीकडे पाहून बोलली.

"गुरुजीचे पाय तुमीच पाहाता का?"

"हाव."

"मंग असे काहून झाले?"

"मले नाही माहीत. मायी चूक असंल."

असं पटकन चूक कबूल करणारं माणूस भेटलं की माझा कान उभा होते. ज्याची खरंच चूक असते, तो आधी अर्धा तास दुसऱ्याचं नाव सांगते.

गुरुजी पलंगावर बसलेले. गोरे, किरकोळ, जानवं पिवळं पडलेलं. अख्खी जिंदगी अकोल्याच्या आजूबाजूच्या गावात पूजा, लग्न, वास्तुशांती केलेली. मी हात मिळवला. नखं कापलेली, बोटं स्वच्छ, कानामागे साफ. ज्या बाईनं हे एवढं ठेवलं, ती पायच कशी विसरन? आणि पाहातो त काय, त्या उन्हात गुरुजींच्या पायात मोजे! नायलॉनचे, कोरे, चकचकीत.

"गुरुजी, मोजे काहून?"

"भेट आलेत रे. काढले त देणाऱ्याले वाईट वाटते."

मी खाली बसून मोजे काढले. वास आला. लाल दिसलं, मले वाटलं रक्त. बोट लावलं त कुंकू. बोटांच्या मधली कातडी पांढरी, भिजून भिजून फुगलेली, जशी दिवसभर पाण्यात काम केलेल्या बाईच्या हाताची होते तशी. करंगळीजवळ चिरलेली, आत काळपट. आणि त्या बेचकीत एक पांढरा दाणा. मी काढून हातावर घेतला. तांदूळ होता. फुगून मऊ झालेला.

आता तुमीच सांगा. ज्या माणसाचे पाय धुतलेच जात नाहीत, त्याच्या बोटात अक्षता कुठून आली?

"गुरुजी, दुखते का?"

"काही नाही दुखत. साखर आहे न मले, पाय माझे आहेत असं वाटतच नाही."

"मंग ह्यायले झालं काय?"

"काही नाही. सगळं छान आहे."

आली कॅसेट. भाऊसाहेबायले फोन आला म्हणून ते बाहेर गेले होते. मी उभा राहिलो, पोट पुढे काढलं आणि भाऊसाहेबांची नक्कल केली. खराब. एकदम हळू आवाजात, लाडानं. "गुरुजी, जरा आराम करा हं. कोणी त्रास देणार नाही हं."

गुरुजीनं डोळे मिटले. मंत्र चुकला की ब्राह्मणाचा चेहरा जसा होते, तसा झाला. "सूर चुकला तुझा. तो असं बोलतच नाही. तो म्हणते, 'गुरुजीऽ! पाय पुढे घ्या! परिवार आलेला आहे!' परिवारावर जोर पाहिजे."

बाजूच्या पलंगावर दामूकाका, एसटीचे जुने ड्रायव्हर. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते, तसेच म्हणाले, "आन् मंग म्हणते, 'हसा गुरुजी, फोटो आहे!' तेवढं टाक."

"आणि मोजे?" मी विचारलं.

"'ओल्या पायात घालू नका म्हणता? अहो, भेट आहे, घाला!'" दोघं एकाच वेळी म्हणाले. काय सूर होता! मी शाळेत असतो त दोघायले स्टेजवर नेलं असतं.

मंग गोष्ट निघाली. अधिक महिना म्हणजे पुण्य कमावायचा सीझन. अमरावतीहून, अकोल्याहून, पार कुठून कुठून परिवार यायचे. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या आईची पुण्यतिथी. आश्रमात येऊन म्हाताऱ्यायची पाद्यपूजा करायची. खुर्च्या ओळीनं मांडायच्या, पितळी परात, दूध, पाणी, मध, कुंकू, अक्षता, फुलं. एक परिवार गेला की दुसरा. आणि गुरुजींचे पाय तर सगळ्यायलेच पाहिजे. ब्राह्मण, त्यात पूजा सांगणारे, पाय धुतले की वरून संस्कृतमधे आशीर्वाद. लोकं फोनवर आधी विचारून घ्यायचे, "गुरुजी आहेत न?" धुणारे सगळे. पुसणारं कोणी नाही. पुसण्याचं पुण्य नसते वाटते.

बाहेर नळावर रेखाताई परात घासून राहिली होती. म्हटलं, "ताई, तुमी मले काहून सांगितलं नाही?"

"काय सांगू भाऊ? पूजेनं पाय सडला म्हणू? जीभ झडन मायी." तिनं परात उपडी केली. "मी पुसाले गेली होती फडकं घेऊन. भाऊसाहेब म्हणे, पाहुणे असेपर्यंत कुंकू पुसू नको, अपशकुन होते. पाहुणे गेले की दुसरे पाहुणे. आन् त्या पाहुण्यायवरच त आश्रम चालते. फुलंपण आमच्याच वावरातले जातात पूजेले. मी कोणत्या तोंडानं बोलू?"

मी त्याच दिवशी गुरुजींना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर पाय पाहून माझ्यावरच ओरडले. करंगळी वाचणं कठीण आहे, बाकीची वाचवायची असतील तर हा पाय कोरडा ठेवा, एक थेंब नको, मोजे नको. परत येताना ऑटोत मी गुरुजीले म्हटलं, "एक ऐका. आमचा रिपोर्ट म्हणजे नुसता सल्ला. संस्थेनं ऐकला त ऐकला. पण राहणारं माणूस स्वतःच्या तोंडानं 'नको' म्हणालं, की मंग त्याच्या अंगाले कोणी हात लावू शकत नाही. तेवढा एक नियम आमच्याजवळ लोखंडाचा आहे. तुमी फक्त 'नको' म्हणा."

"यजमानाले नको?" गुरुजी हसले. "जन्म गेला बाबू, यजमानाले नको म्हटलं नाही. एका दिवशी तीन-तीन घरी जेवलो, पोट फुटलं तरी लाडू नको म्हटला नाही. जीभच वळत नाही. आणि आता त दोन्ही वेळचं त्यायचंच खातो."

"रेखाताईची नोकरी जाऊन राहिली तुमच्या पायापायी."

त्यायनं धोतर पायावर ओढून घेतलं. ऑटोवाल्यानं गाणं बारीक केलं. तेवढंच.

पुण्याले फोन लावला. साहेबांनी विचारलं, "त्या बाईला काढलं का?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या व्हॉट्सॲपले जो फोटो ठेवला आहे न, त्यात तुमी कोणाच्या पायावर दूध ओतून राहिले?"

"बाबांच्या. म्हणजे, मी आलो होतो महिन्याच्या सुरुवातीला. का?"

"पाय पुसले का मंग?"

"पुसायला ती बाई आहे ना तिथं."

"मोजे कोणी घातले?"

"मीच... म्हणजे, चांगल्या ब्रँडचे होते हो ते."

मी त्यायची नक्कल करू शकत होतो. नाही केली. मले वाटते माझ्या नोकरीतला हा एकच प्रसंग, जिथं मी तोंड आवरलं.

हापिसात रिपोर्ट लिहिला. तक्रार खरी, कारण उलटं. पाय धुतले नाहीत म्हणून नाही, धुवून धुवून पाय गेला. पाद्यपूजा बंद करावी. सेविकेची चूक नाही. आमच्या देशमुख मॅडमनं वाचला आणि चष्मा काढला. "अरे, लेकरा, 'पूजेमुळं पाय सडला' असं लिहितात का? लोकं हापिसाले कुलूप लावतील. 'ओलाव्यामुळं' लिही."

"ओलावा कुठून आला मॅडम? पाऊस पडला का बुढ्याच्या पायावर?"

"सेविकेनं लक्ष द्यायले पाहिजे होतं, असं एक वाक्य घाल. सगळ्यायचं समाधान होते."

"रेखाताईचं होते का? गुरुजीच्या करंगळीचं होते का? मॅडम, येवढ्या लोकायनं मिळून एक माणूस खराब केला, आणि नाव कोणाचं लिहायचं, त जिच्या हातात पुसायचं फडकं होतं तिचं? मी नाही लिहत. तुमी लिहा आणि तुमीच सही करा."

 मॅडमनं चष्मा घातला आणि माझ्याच रिपोर्टवर सही केली. "पाठव. मले रिटायरमेंटले राहिलंच काय."

दोनच दिवसांनी भाऊसाहेबांचं पत्र आलं, मी संस्कृतीच्या विरोधात आहे म्हणून. हाव, आहे. ज्या संस्कृतीत दुसऱ्याचे पाय धुतात आणि पाहात नाहीत, तिच्या विरोधात आहे. लावा फ्रेम.

करंगळी काढावी लागली. रिपोर्ट, सही, टपाल, त्यायचं उत्तर, ह्याच्यात जे दिवस गेले ते गेले. गुरुजी उजव्या पायाले पट्टी बांधून आश्रमात परत आले, आणि अधिक महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी बघाले गेलो की पूजा खरंच बंद झाली का.

बंद झाली होती. गेटवर नवीन फलक होता, 'चरणसेवा सोहळा'.

आत मंडप, खुर्च्यायची ओळ, सगळे म्हातारे आंघोळ करून, पाय लोंबकळत सोडून बसलेले. पितळी परात तीच. अमरावतीचा एक वकिलाचा परिवार आला होता, वकीलसाहेब, बायको, सून, नातवंडं, आणि वकिलाची आई, नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं ताट. चांगली माणसं होती, हे सांगायले पाहिजे. वाईट माणसं असती त माझं काम लय सोपं असतं. भाऊसाहेबांच्या हातात आज खरा माइक. गुरुजी पहिल्याच खुर्चीवर. रेखाताई खांबाजवळ, बॅग भरून. महिना संपत आला होता.

मी पुढं गेलो. "भाऊसाहेब, गुरुजींच्या पायाले पाणी लावायचं नाही."

"उजव्या पायाला!" माइकवरून. "वैद्यकीय सल्ला आम्ही मानतो! उजवा पाय बाजूला ठेवा. डाव्या पायाची सेवा होईल!"

"रिपोर्टात—"

"आपलं काम तक्रारीचं आहे! इथं कोणाची तक्रार आहे? विचारा ना!" त्यायनं माइक ओळीकडे फिरवला. "आजी-आजोबा, कोणाला नको आहे का ही सेवा? कोणाला नको असेल, त्यांनी सांगावं!"

 कोण बोलन? पंखे फिरून राहिले, परातीत दूध हलून राहिलं. मी गुरुजीकडे पाहिलं. एक शब्द, गुरुजी. दोन अक्षरं. त्यायनं माझ्याकडे पाहिलंच नाही. वकिलाची आई ताट घेऊन त्यायच्या पुढ्यात बसायले वाकली.

गुरुजीनं डावा पाय उचलला. हळूच उजव्या मांडीखाली घेतला. मंग दोन्ही हातानं पट्टीचा पाय उचलून वर ठेवला. खुर्चीवर मांडी घालून बसले, एकदम पाटावर बसल्यासारखे, आणि धोतर सारखं केलं.

"माई, क्षमा करा," ते म्हणाले. "पूजा होणार नाही. सुतक आहे."

वकिलाच्या आईनं ताट झटकन मागे ओढलं. "अगं बाई! कोण गेलं?"

"करंगळी गेली."

मंडपात कोणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. "माझ्याआधी गेली. लहान होती. जन्मापासून माझ्यासोबत होती माई, मी जिथं जिथं पूजेले गेलो तिथं तिथं चालत आली. तिचं सुतक मी नाही धरायचं त कोणी धरायचं?"

भाऊसाहेब माइक विसरून बोलले, पहिल्यांदाच माणसासारखा आवाज निघाला त्यायचा. "अहो गुरुजी, पण ती उजव्या पायाची. डावा पाय..."

"सुतक अख्ख्या घराले लागते भाऊसाहेब. डावा काय शेजारी राहते का?"

दामूकाकायनं पाय वर घेतले. त्यायच्या बाजूच्या आजोबानं घेतले. मंग ओळीतल्या आज्यायनं, एकीनं दुसरीले हात देऊन. ज्यायचे गुडघे वाकत नव्हते त्यायनं पाय खुर्चीखाली सारले आणि वर साडी ओढून घेतली. एक मिनिट नाही झालं, अख्ख्या मंडपात धुवायले एकही पाय नाही.

"मलेपण लागलं मंग," एक आजी म्हणे. "आम्ही एकाच घरचे."

"लागलं न," गुरुजी म्हणाले. मंग खांबाकडे वळले. "रेखा, बॅग खाली ठेव. तूपण घरातलीच. सुतकातलं माणूस उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या घरी जात नसते."

रेखाताईनं भाऊसाहेबायकडे पाहिलं. भाऊसाहेबायनं वकिलाच्या आईकडे पाहिलं. आणि वकिलाच्या आईनं, देव तिचं भलं करो, ताट सुनेच्या हाती दिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "बरोबर आहे गुरुजींचं. सुतकाच्या घरी बाईमाणसाले कोणी घालवत नाही. आम्ही नुसतं जेवण वाढून जातो." बॅग खाली गेली. ती आजपर्यंत तिथंच आहे, बाईपण आणि बॅगपण.

भाऊसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "ठीक आहे, ठीक आहे! पण गुरुजी, हे सुतक म्हणजे... दहा दिवस ना?"

गुरुजीनं धोतराखालून दोन्ही पायांची बोटं चाचपली, जसं बाई झोपलेली लेकरं मोजते. "मागे नऊ जण आहेत. ते आहेत तोवर धरायचं."

जेवणं झाल्यावर मी त्यायच्या पलंगाजवळ बसलो. रेखाताई कोरडं फडकं घेऊन डाव्या पायाची एकेक बेचकी पुसून राहिली होती. मी म्हटलं, "गुरुजी, 'नको' म्हणा म्हणून मी येवढा मागे लागलो, ते नाही म्हटलं. आणि हे सुतक कुठून काढलं? कोणत्या पोथीत आहे?"

गुरुजीनं पाय लांब केले, पंख्याखाली.

"ज्या पोथीत दिवसभर एकाच माणसाचे पाय धुवा लिहिलं आहे न," ते म्हणाले, "तिच्याच पुढच्या पानावर."